वाघळं मोजणारी मंडळी

वटवाघूळ फळ खातं म्हणजे काय करतं? चावतं, तोंडात घोळवतं, रस तेवढा गिळतं आणि चोथा खाली टाकून देतं. सकाळी वडाखाली जाऊन बघा, चोथ्यांचा नुसता खच पडलेला असतो. कुठला कुणी टाकला, काही कळत नाही. आमच्या मोजणीच्या मंडळींचे किस्सेही असेच साठत गेले. रस होता तो इंगवले सरांनी घेतला, शास्त्राच्या कामाला लावला. चोथा माझ्याकडे राहिला. तोच आज वाटायला काढलाय!

* * *

इंगवले सर मला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. मी बी.एस्सी. झाले, लग्न झालं, पाठोपाठ मनू झाली, आणि शिकलेलं सगळं बाळंतिणीच्या शेगडीच्या धुरात विरून गेलं. निदान मला तरी तसंच वाटत होतं. सर मनूला बघायला आले. तिच्या हातात टोपडं ठेवलं आणि चहाचा कप खाली ठेवता ठेवता म्हणाले, "नदीकडच्या रस्त्याला वडांची रांग आहे बघ. तिथली वटवाघळं वर्षभर मोजायची ठरवलंय. दर महिन्याला एक संध्याकाळ. येतेस?"

"सर, मला आता काही आठवत नाही हो."

"आठवायचं कशाला? मोजायचंय."

"आणि चुकलं तर?"

"सगळेच चुकणार आहोत! पण वेगवेगळे चुकू. म्हणजे सरासरी बरी येते."

आयुष्यात मला एवढा धीर कुणी दिला नव्हता.

* * *

मोजायची रीत साधी होती. दिवस मावळला की वाघळं झाडावरून उठतात आणि खायला निघतात. चौघांनी चार दिशांना तोंडं करून उभं राहायचं. आभाळाचा एकेक तुकडा ज्याचा त्याला. आपल्या तुकड्यातून दहा वाघळं गेली की एक चिंचोका डालड्याच्या डब्यात टाकायचा. मान हलवायची नाही, शेजारच्याच्या आभाळात डोकवायचं नाही.

सर एकीकडे. दुसरीकडे शमशादभाभी. या आमच्या गल्लीतल्या. नवरा-बायको दोघं शिवणकाम करायचे. वाघळं रोज त्यांच्या गच्चीवरून जायची म्हणून सरांनी काही विचारलं, तर त्या मोजायलाच आल्या. तिसरे दत्तू वस्ताद, वडाशेजारच्या तालमीचे. आणि चौथी मी, पाण्याची टाकी ते नारळाचं झाड एवढ्या आभाळाची मालकीण.

पहिल्याच संध्याकाळी माझा डबा सगळ्यांत जड झाला. चिंचोक्यांचा नुसता पाऊस! सर खूश. मी त्याहून खूश. वाटलं, नाही, आपलं डोकं अजून शाबूत आहे.

भाभी डब्यात डोकावल्या. "वैनी, एवढी वाघळं कुठनं कुठं गेली म्हणायची?"

"टाकीकडून वडाकडे."

"वडाकडं? मग ती निघाली, का घरला आली?"

सरांनी चष्मा पुसला. मी मुक्कामाला परतणारे गावभरचे कावळे मोजले होते!

चिंचोके परत काढले. उरलेले चार बघून माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. भाभींनी ते पाहिलं आणि सरांना दरडावलं, "कावळं बी कुणीतरी मोजायला पायजेतच की! त्यांनी काय घोडं मारलंय?"

* * *

वस्तादांची अडचण निराळी होती. त्यांचं मोजणं तालमीतलं. बैठका मोजाव्यात तशी ते वाघळं मोजायचे, मोठ्यानं! आणि शंभर भरले की मांडीवर शड्डू ठोकायचे. तालमीचा रिवाजच तो. शड्डू ठोकला की झाडावर उरलेली वाघळं एकदम उठायची, आणि आम्हा तिघांचे आकडे त्यांच्याबरोबर उडून जायचे.

दोन महिने सरांनी सोसलं. तिसऱ्या महिन्यात हात जोडून म्हणाले, "वस्ताद, शड्डू मनातल्या मनात ठोका."

"मनातल्या मनात ठोकला तर जोडीदाराला कळायचं कसं?"

"वाघळं तुमचे जोडीदार नव्हेत!"

वस्तादांनी झाडाकडे पाहिलं. फांदी फांदीला शेकडो जणं पंख आवळून उलटी लटकलेली.

"कशावरनं न्हवं? बघा की. समदी डाव धरून बसल्यात!"

* * *

आता घरचं सांगते. माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, माहेरच्या राधानगरीकडच्या. त्यांच्याकडे एक नेम होता. तान्ह्या पोराचे कपडे दिवस मावळायच्या आत दोरीवरून काढायचे. का? तर त्यांच्यावरून पाखरू गेलं, त्याची सावली पडली, की पोर वाळत जातं. पाखरू म्हणजे त्यांच्या लेखी मुख्यतः वाघूळ.

आणि मनू वाळत होती. हे मी कितीही हसत लिहिलं, तरी ती खरंच वाळत होती. दवाखान्यातल्या काट्यावर तिला ठेवलं की मी श्वास रोखून धरायचे, जसं काही माझ्या श्वासानं काटा खाली जाईल. काटा मागच्या महिन्यात होता तिथंच. डॉक्टर म्हणायचे, "हसतेय, खेळतेय, होईल." आत्याबाई म्हणायच्या, "आई जाती वाघळाखाली उभी ऱ्हायाला. पोर कशी धरंल अंग?"

मी बी.एस्सी. होते. मी हसून सोडून द्यायचे. पण कपडे मीही उन्हं कलायच्या आत काढायचे. विचारलं तर सांगायचे, दव पडतं.

मनू अंगावर पीत होती, म्हणून मोजणीला तिला न्यावंच लागायचं. त्यावर आत्याबाईंनी तोड काढली: छत्री. मनू पदराच्या झोळीत पोटाशी बांधलेली आणि तिच्यावर उघडलेली काळी छत्री, म्हणजे सावली पडायला नको! भर थंडीत, स्वच्छ आभाळाखाली, मी एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात चिंचोके घेऊन उभी. रस्त्यानं जाणारा सायकलवाला थांबायचा, वर बघायचा, तळहात पुढं करून थेंब पडतोय का बघायचा आणि निघून जायचा.

एकदा सर घरी आले तेव्हा न राहवून म्हणाले, "आत्याबाई, वाघळं बाहेर पडतात तेव्हा सूर्य मावळलेला असतो. मग सावली पडणार कुठून?"

"त्येच म्हनतोय की मी! दिसत न्हाय म्हणूनच लागती."

सरांनी चहा प्यायला. उत्तर मला वाटतं अजून शोधत असतील.

* * *

उन्हाळा लागला आणि मंडळींत मोठंच भांडण झालं. त्या दिवसांत माद्यांना पिल्लं होतात. पिल्लू आईच्या छातीला चिकटलेलं असतं आणि सुरुवातीला ती त्याला तसंच घेऊन उडते. खालून नीट बघितलं तर पोट जाड दिसतं, एवढंच. प्रश्न पडला, ही एक धरायची का दोन?

सर म्हणाले, "एक. दिसतं ते मोजायचं."

वस्ताद म्हणाले, "एस्टीत मांडीवरच्या पोराला तिकीट न्हाय. एक."

मी मांडीवरच्या पोराकडे बघत म्हणाले, "दोन."

"भाभी, तुम्ही काय म्हणता?"

भाभींना सहावा महिना लागलेला, मशीनवर बसून पाठ धरलेली. पोटावरचा पदर सारखा करत म्हणाल्या, "माझं ठरंपतूर थांबा. मग सांगतो."

पुढच्या मोजणीला पिल्लं थोडी मोठी झाली होती. मोठी म्हणजे वजनाला जड. आता आया त्यांना फांदीवर ठेवून जायला लागल्या. बहुतेक सगळा थवा निघून गेला, आभाळ मोकळं होत आलं, आणि झाड मोकळं होईना. फांद्यांवर मुठीएवढी गाठोडी लोंबत होती. चिरचिर आवाज येत होता. पहाटे परतलेली आई शेकडोंतून आपलंच पिल्लू कसं ओळखते, ते सरांनी आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं. वासानं आणि आवाजानं. परीक्षेत मला त्यावर प्रश्न आला होता आणि मी चांगलं लिहिलं होतं.

त्या दिवशी मी पहिल्यांदाच मनूला घरी ठेवून आले होते. डबा मी तिथंच खाली ठेवला आणि निघाले. मागून सर म्हणाले, "अगं, अजून चाललीत ती! तुझा तुकडा?"

"जाऊ दे तिला," भाभी म्हणाल्या. "मला दोन डोळं हायत की."

घरी मनू आत्याबाईंच्या मांडीवर गाढ झोपली होती. मी उगाचच तिचं डोकं हुंगलं. आत्याबाई बघत होत्या.

* * *

पावसाळ्यात मोजणीचे हालच. नदी रस्त्यावर आली की आमची मंडळी तालमीच्या पायरीवरून मोजायची. छत्री आता प्रत्येकाच्याच डोक्यावर, त्यामुळे मी पहिल्यांदाच शहाणी दिसत होते. फक्त छत्रीतून आभाळ दिसत नाही! त्या महिन्यात सरांनी आकड्यापुढे 'पाऊस' एवढंच लिहिलं.

अशाच एका ओल्या संध्याकाळी पेठ वडगावचे एक बागवाले सरांना शोधत आले. अंगावर घोंगडीचं घोंगतं, चेहऱ्यावर राग.

"वाघळंवालं सर तुमीच न्हवं? तुमच्या वाघळांनी माझी चिकूची बाग साफ केली."

"माझ्या वाघळांनी?"

"मग कुणाच्या? दर म्हैन्याला मोजताय तुमी. शेरडं कोण मोजतंय? ज्याची हायत त्यो! मोजतो त्यो मालक."

सरांचा चेहरा असा झाला, जणू वीस वर्षं शिकवलेलं कुणी एका वाक्यात पुसून टाकलं. तेवढ्यात भाभी म्हणाल्या, "पावणं, मागं शिरगणतीचा माणूस आमच्या घरी आलता. त्यानं आमाला समद्यांस्नी मोजलं. पाळण्यातल्या धाकट्यालाबी लिवून घेतलं. मग आता त्यालाच सांगू का, पोरांचं जेवाण बघ म्हणून?"

बागवाले हसले. घोंगतं काढून पायरीवर बसले. जाताना वाघळांची खोड सांगून गेले: पाडाला आलेला चिकूच नेमका शोधतात, कच्च्याला तोंड लावत नाहीत. "चव हाय त्यास्नी," हे मात्र त्यांनी अभिमानानं सांगितलं. मालकाला शोभेल अशा अभिमानानं!

* * *

दसरा आला. मनू पावलं टाकायला लागली होती, पण अंगावर मूठभर मांस नव्हतं. खायला घातलं की थुंकायची. भाताची पेज, नाचणीचं सत्त्व, मऊ खिचडी, केळं, कशालाही तोंड घट्ट. मी चमचा पुढे केला की ती अशी बघायची, जशी मी तिला कोऱ्या कागदावर सही करायला सांगतेय. दूधही आता कमी पडत होतं. रात्री उठून मी तिचे श्वास मोजायचे. पहाटेपर्यंत मोजायचे. तिथंही कावळे आले असतील तर सांगता येत नाही.

शेवटी मी सरांना निरोप धाडला, की मी आता येणार नाही. कारण लिहिलं नाही. लिहिण्यासारखं कारण नव्हतंच. आत्याबाईंचं मला पटत नव्हतं, आणि 'नाहीच' असं छातीठोक म्हणायचीही माझी हिंमत राहिली नव्हती. आपल्या पोराच्या बाबतीत शास्त्रावर पैज कोण लावणार?

निरोप ऐकून आत्याबाईंनीच मला थांबवलं.

"नुसतं जायाचं बंद करून काय हुतंय? पडलेली सावली माघारी दिऊन याय पायजे. आमच्यात रीत हाय. साळीच्या लाह्या घ्यायच्या, पोरावरनं उतरायच्या, आणि जेवढी पाखरं तेवढ्या लाह्या, एकेक सोडायची. 'तुझं तुला' म्हणायचं. सरांस्नी इचार, किती पाखरं हायत?"

मी सरांना विचारलं. सरांनी वर्षाचे आकडे चाळले आणि म्हणाले, "साधारण—"

"साधारण?" आत्याबाई दारातूनच म्हणाल्या. "देवाच्या कामाला अदमास चालत न्हाय, सर. एक जरी ऱ्हायलं तर त्याची सावली ऱ्हायली की!"

मला वाटलं, आता सर एक भाषण देणार. सरांनी उलट हात टेकले. "आत्याबाई, बरोबर आहे तुमचं. वर्षभर मला हीच चिंता आहे."

मग ठरलं. आत्याबाई स्वतःच मोजायला येणार. आणि चौथा तुकडा वगैरे नाही, सगळं आभाळ!

"एकट्या माणसाला सगळं आभाळ जमत नाही," सर म्हणाले.

"सा पोरं वाडवली मी. एका नजरंत."

लाह्या त्यांनी घरूनच मोजून आणल्या, दहादहाच्या ढिगाऱ्यांनी, सरांच्या 'साधारण'च्या दुप्पट, टोपलीभर. म्हणजे शेवटी टोपलीत उरतील तेवढ्या वजा केल्या की गेलेल्या पाखरांचा आकडा हातात. सर बघतच राहिले. "ही पद्धत मला कशी सुचली नाही?"

संध्याकाळ झाली. वस्तादांनी पारावर घोंगडं अंथरलं. आत्याबाई वडाला पाठ लावून बसल्या. मांडीवर मनू, मांडीशी टोपली. त्यांनी मूठभर लाह्या मनूवरून उतरवल्या, पुन्हा टोपलीत ठेवल्या आणि डोळे आभाळाला लावले. छत्री त्यांनी मिटवूनच ठेवली होती. ज्याचं त्याला द्यायला आलोय तर लपायचं कशाला!

मी माझ्या जागी उभी राहिले. टाकी ते नारळ. मान हलवायची नाही हा नियम, आणि मागे वळून बघायची छातीही नव्हती. नुसतं ऐकत होते.

"तुझं तुला. तुझं तुला. तुझं तुला."

पहिलं वाघूळ निघालं, मग दोन, मग दोर सुटावा तशी रांग. आभाळभर पंख. आत्याबाईंचा आवाज आधी खणखणीत होता, मग एकसुरी झाला, मग जात्यासारखा. "तुझं तुला. तुझं तुला." मी चिंचोके टाकत होते आणि मनातल्या मनात मीही तेच म्हणत होते. कुणाला म्हणत होते, ते मला ठाऊक नाही. वस्तादांचे शंभर भरले असतील, पण शड्डू वाजला नाही. भाभींच्या बाजूनं हळू आवाजात कसलीशी दुवा ऐकू येत होती.

थवा विरळ झाला. एखादंदुसरं उरलं. मग तेही गेलं. आत्याबाई थांबल्या.

सर लगबगीनं पाराकडे गेले. टोपलीत हात घातला, कडेनं फिरवला, उलटी करून बघितली. टोपली रिकामी!

"आत्याबाई! सगळ्या संपल्या?" सरांचा आवाज चढला. "अहो, म्हणजे आम्ही चौघांनी आजवर मोजली त्याच्या दुप्पट झाली की! दुप्पट! वस्ताद, ऐकलंत का? म्हणजे वर्षभर आपण निम्मी सोडत होतो! एक मिनिट, मी आकडा लिहून घेतो—"

"सर, थांबा," आत्याबाई म्हणाल्या. "लिवू नका."

त्या मांडीकडे बघत होत्या. मी मागे वळले. मनूचे दोन्ही गाल टम्म फुगलेले. हनुवटीला लाह्या, झबल्यावर लाह्या, मुठीत लाह्या. ती कुणाकडेही न बघता, अगदी मन लावून चघळत होती.

आत्याबाईंनी तिच्या ओठाला चिकटलेली एक लाही बोटानं आत ढकलली.

"निम्मी पाखरं हिनं खाल्ली!"